जावईबापूंचं रक्त

अक्का जाऊन चार महिने झाले. माझी मोठी बहीण. चौऱ्याऐंशी वर्षांची होती आणि शेवटचं दुखणं हृदयाचं होतं. तेराव्याच्या दिवशी नात्यातल्या एक वयस्क बाई शेजारणीला सांगत होत्या, की हिची पहिली दोन मुलं सर्पदोषाने गेली. मी तेव्हा बोलले नाही. ती मुलं सर्पदोषाने गेली नव्हती. ती उपदंशाने, म्हणजे सिफिलिसने गेली. हे नीट ठाऊक असलेली आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहून ठेवते. अक्काने मला ते लपवायला कधी सांगितलं नव्हतं.

हैदराबाद राज्याची वाटणी होऊन दीडएक वर्ष झालं होतं. मराठी नोकरांपैकी बऱ्याच जणांची नावं मुंबई राज्याच्या यादीत गेली होती, पण अक्काच्या यजमानांच्या, म्हणजे भावजींच्या, कचेरीचे कागद अजून हैदराबादेतच निस्तरले जात होते. त्यामुळे ते हिमायतनगरच्या दोन खोल्यांत राहत होते आणि अक्का आमच्याकडे, बरकतपुऱ्यात. पहिल्यासारखंच दुसरं मूलही सातव्या महिन्यात मेलेलं जन्मलं, त्यानंतर आईने तिला परत धाडलं नव्हतं. आईला नागबळी करायचा होता. त्याआधी एकदा दाखवून येऊ, असं वडील म्हणाले. जनाना दवाखान्यात आत पुरुषांना मज्जाव होता. वडील बाहेर बाकावर बसले आणि आत अक्काबरोबर मी गेले. मी तेव्हा इंटर सायन्सला होते.

रक्ताचा कागद आठवड्याने मिळाला. डॉक्टरीणबाईंनी तो वाचला आणि दार लोटून घेतलं.

"ये बीमारी मियाँसे आती है बेटा. उनकू लेके आओ."

"मला तर काहीच होत नाही," अक्का म्हणाली. "ताप नाही, दुखणं नाही."

"होता नहीं. इसीच वास्ते पकड में नहीं आती." मग त्या माझ्याकडे वळल्या, मी शिकलेली दिसते म्हणून असेल. "इसकू सुया दे देती मैं. मगर उनो नहीं लिए तो फिर लगेगी. फिर बच्चा जाएगा."

त्या आठवड्यात मी कॉलेजच्या वाचनालयात एक जाड इंग्रजी पुस्तक काढून कोपऱ्यात बसून वाचलं. हा रोग शरीरसंबंधातून लागतो. पहिली जखम दुखत नाही, आणि काही न करताही भरून येते. पुढे तळहातांवर, तळपायांवर न खाजणारे डाग उठतात, तेही जातात. मग वर्षानुवर्षं काही दिसत नाही. बाईच्या रक्तातून तो पोटातल्या मुलापर्यंत पोचतो. पेनिसिलिनने बरा होतो, पण एकदा बऱ्या झालेल्या माणसालाही तो पुन्हा लागू शकतो. अक्काच्या तळहातांवर लग्नाच्या पहिल्या वर्षी तांबूस डाग आले होते. आईने उष्णता म्हणून सब्जाचं पाणी दिलं, आणि सब्जाने गेले असं आम्ही समजलो.

घरी आईने अक्काचा कप आणि टॉवेल वेगळा केला. कपाने हा रोग लागत नाही, असं मी तिला सांगितलं.

"चार बुकं वाचलीस म्हणून मला शिकवतेस?" आई म्हणाली. भावजी रविवारी आले की त्यांना मात्र चांदीच्या फुलपात्रातून पाणी मिळे, आणि ते फुलपात्र बाकीच्या भांड्यांतच घासलं जाई.

त्यांना सांगणार कोण, हा खरा प्रश्न होता. जावयाला आमच्यात काही विचारत नाहीत, त्याला हवं नको तेवढं विचारतात. वडील वकील होते. त्यांनी चार खर्डे करून भावजींना पत्र लिहिलं. "बदलीपूर्वी एकवार प्रकृतीची तपासणी करून घेणे हितावह वाटते." चौथ्या दिवशी उत्तर आलं, "आपल्या आशीर्वादाने प्रकृती ठणठणीत आहे. काळजी नसावी."

अक्का हसली. "अण्णा, कोर्टात खुन्याची उलटतपासणी घेता ना तुम्ही?"

"खुनी आपला जावई नसतो," वडील म्हणाले.

अक्काच्या सुया संपल्या आणि त्याच सुमारास भावजींचा हुकूम आला. औरंगाबादला महिन्याच्या आत हजर व्हायचं होतं. अक्काला ते बरोबर नेणार होते. तो अधिक श्रावण होता. धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं, विष्णू समजून पाय धुवायचे आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी होती. वडील म्हणत होते, जेवण झालं की मी बोलतो. ते बोलणार नाहीत हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

वडिलांनी परातीत भावजींचे पाय धुतले, आईने ओवाळलं. पुरणाचे धोंडे वाढून झाले. अक्का तूप घेऊन आली आणि पानाशीच उभी राहिली.

"मी औरंगाबादला येत नाही."

भावजींनी वर पाहिलं. "का?"

"तुम्ही रक्त दाखवेपर्यंत नाही. माझ्या रक्तात उपदंश निघालाय, तो नवऱ्याकडून येतो."

"अगं, पानावर बसलेत ते!" आई म्हणाली.

"म्हणूनच. आता उठून जाता येणार नाही."

भावजींचा चेहरा लाल झाला. "रोग तुझ्या रक्तात निघाला. माझ्या नाही."

"तुमचं बघितलंय कुणी?"

"बोलावून, पाय धुऊन हे ऐकवायचं होतं होय? वा!" ते वडिलांकडे वळले. वडील खाली बघत होते. मग भावजीच हळू आवाजात म्हणाले, "जखम झाली होती एकदा. लग्नाच्या आधी, परभणीला असताना. हकिमाने मलम दिलं, दहा दिवसांत भरली. त्याला किती वर्षं झाली! भरल्यावर कसला रोग?"

मी अनारशांचं ताट धरून उभी होते. मला कोणी विचारलं नव्हतं, तरी मी म्हणाले, "ती भरतेच, भावजी. मलम नाही लावलं तरी भरते. रोग आत राहतो."

"तू वाचलंस?"

"हो."

"आणि त्यानेच... दोन्ही?"

"दोन्ही," अक्का म्हणाली.

त्यांनी हातातला घास पानात ठेवला, पण ते उठले नाहीत. मला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही. त्यांना खरंच वाटत होतं की ते बरे झाले. आम्हीही डाग गेल्यावर तेच मानलं होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "कुठे जायचं?"

"चिक्कडपल्लीत माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत," वडील म्हणाले. "मी येतो बरोबर."

त्यांच्या रक्तात रोग निघाला. सकाळची गाडी गेली, त्यांनी रजा वाढवली आणि पंधरा दिवस रोज सुई घेतली. मग ते एकटेच औरंगाबादला गेले. अक्काने पुढच्या सहा महिन्यांत दोघांचे कागद पुन्हा पाहिले, डॉक्टरीणबाईंना दाखवले आणि मगच ट्रंक भरली.

वर्षभराने ती बाळंतपणाला आली. मुलगी झाली, नऊ महिने भरून, आणि लगेच रडली. आई रडली. अक्का मात्र म्हणाली, बाळाच्या रक्ताचा कागद आल्याशिवाय बारसं करायचं नाही. बारावा दिवस तसाच गेला. शेजारच्या बायका विचारून गेल्या, आईने काहीतरी सांगून वेळ मारून नेली. कागद चौदाव्या दिवशी आला. मी तो दोनदा मोठ्याने वाचला. दोष नव्हता.

भावजी दुसऱ्या दिवशी पोचले. प्रवासाची धूळ तशीच अंगावर होती. त्यांनी पाय धुतले आणि बाळाला घ्यायला हात पुढे केले.

"आधी हा वाचा," अक्का म्हणाली.

त्यांनी उंबऱ्यातच उभं राहून कागद वाचला, मग घडी घालून तिला परत दिला. अक्काने तो उशीखाली सरकवला आणि मुलगी त्यांच्या हातात दिली.