आत्ताच दिलेली खोली

हातखंब्याला भागोजी घवाळीला सगळे लंडनवाला म्हणत. लंडन त्याने उभ्या आयुष्यात चार तास पाहिलं होतं, तेही गाडी चुकली म्हणून. बाकीची अठरा वर्षं विलायतेच्या उत्तरेकडच्या एका गिरणीगावात गेली. बोटीवर कोळसा लोटायला गेलेला माणूस एका बंदरात उतरला, तो परत चढलाच नाही. एकोणऐंशी साली गिरणी बंद पडली तेव्हा एक ओव्हरकोट, एक खोकला आणि एक गोष्ट घेऊन तो गावी आला. ओव्हरकोट उंदरांनी खाल्ला, खोकला राहिला. गोष्ट तो नाक्यावर चिमाच्या टपरीत चहाबरोबर सांगे.

गोष्ट अशी. गिरणीगावात तो खोली शोधत होता. एका म्हातारीने दार उघडलं, त्याचा रंग पाहिला आणि म्हणाली, "अरेरे, आत्ताच दिली." गिरणीतला त्याचा गोरा सोबती टॉम म्हणाला, थांब. भागोजीला दिव्याच्या खांबाआड उभं करून त्याने तेच दार वाजवलं. "रिकामी आहे, या ना आत!" मग टॉमने हाक मारली, "ये रे भागोजी!" म्हातारी लाल झाली. म्हणाली, "माझं काही नाही हो, पण शेजारी काय म्हणतील?" शेवटी खोली दिली, मात्र याने तव्यावर सुकट टाकली की ती भर बर्फात घरातल्या सगळ्या खिडक्या उघडत असे.

इथे टपरी हसे. भागोजी बशी तोंडाला लावून समारोप करी, "आपल्याकडं असलं काय नाय."

शेजारीच पंक्चर काढणारा वासू ही गोष्ट ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघता बघता ऐके. वासू केरळचा. पण घाटाखालच्या भूगोलात गोव्याच्या पुढे एकच मुलूख होता, मद्रास. म्हणून तो मद्रासी.

शहाऐंशीच्या एप्रिलात वासूला खोली हवी झाली. बायकोला सातवा महिना, आणि ती शुक्रवारी येणार होती. तो स्वतः टायरांच्या ढिगावर झोपे. तिला तिथे कुठे निजवणार? भागोजीची रस्त्याकडची खोली शिमग्यापासून रिकामी होती, हे सगळ्या नाक्याला ठाऊक.

भागोजीच्या शेजारच्या केरूलाही. भागोजीची विहीर शिमग्यालाच आटे, मग पावसापर्यंत पाणी केरूच्या विहिरीचं. केरू सोमवारीच येऊन पायरीवर बसला.

"मद्रासी फिरतोय म्हणे खोलीसाठी."

"फिरू दे."

"खोबरेलात मासे तळतात मेले. आपण डोक्याला लावतो त्यात! वाडीत वास भरंल." केरूने पान थुंकलं. "दे हवं तर. खोली तुझी हाय. विहीर माझी हाय."

संध्याकाळी वासू आला. हात रॉकेलने धुतलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"दादा, खोली..."

"अरेरे," भागोजी म्हणाला, "आत्ताच दिली."

शब्द इतके सहज आले की त्याला आपण काही बोललो असंही वाटलं नाही. वासूने मान हलवली. जाता जाता त्याने खिडकीकडे पाहिलं. खिडकीवर शिमग्यापासूनची धूळ होती.

गुरुवारी दुपारी चिमा आली.

"भाऊ, माझ्या माहेरचं एक माणूस हाय. खोली मिळंल?"

"मिळंल की. रिकामीच हाय."

"नक्की? कुणाला दिली नाय?"

"कुणाला देणार?"

चिमाने मागे वळून हाक मारली, "ये रे वासू!"

फणसाआडून वासू पुढे आला. पायरीपाशी येऊन थांबला. हसत नव्हता. हे दार भागोजीला पाठ होतं. फक्त आजवर तो त्याच्या बाहेरच्या बाजूला असे.

"माझं काय नाय रे," तो म्हणाला, "पण शेजारी..."

आणि थांबला. पुढचं वाक्यही त्याला पाठ होतं. चिमा कमरेवर हात ठेवून, भागोजीच्याच तोंडून ऐकलेलं म्हातारीचं ते वाक्य कधी पुरं होतंय याची वाट बघत होती. केरूच्या अंगणात खाट करकरली. तो ऐकत होता.

"उद्या किती वाजता गाडी?" भागोजीने विचारलं.

"चार वाजता, दादा."

"सखू!" त्याने घरात हाक मारली. "चावी आण. आणि झाडू."

आतून बायको म्हणाली, "आणि पाणी?"



शनिवारी सकाळी वासूची बायको कळशी घेऊन अंगणात उभी राहिली. कुठे जायचं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. भागोजीने तिच्या हातातून कळशी घेतली आणि वाट उतरू लागला. ती मागून, सावकाश.

केरू विहिरीच्या कठड्यावर बसला होता, दोर मांडीखाली धरून.

"पाणी कुणासाठी?"

"माझ्या घरासाठी."

"घरात माणसं किती तुझ्या?"

"परवापर्यंत दोन होती. आता चार. पावसाळ्यात पाच."

केरूने तिच्याकडे पाहिलं. तिच्या पोटाकडे पाहिलं. वर वासूच्या खोलीतून खोबरेलाचा वास खरोखरच खाली विहिरीपर्यंत उतरला होता. भागोजी दोराकडे बघत उभा राहिला. माघारी फिरला असता तर गावात पाणी मागायला दुसरं दार नव्हतं, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

शेवटी केरू उठला, दोर कठड्यावर टाकला आणि हायवेकडे तोंड करून बसला.

"मी काय बघितलं नाय," तो म्हणाला.

पाऊस पडेपर्यंत केरू रोज सकाळी विहिरीवर हायवेकडे तोंड करून बसे. विचारलं तर म्हणे, गाड्या बघतो.

भागोजीने टपरीवर गोष्ट सांगणं सोडलं नाही. अठरा वर्षांची कमाई कोण सोडतं? पण बर्फातल्या खिडक्यांपाशी आला की तो बशी तोंडाला लावी आणि 'आपल्याकडं'चं वाक्य चहाबरोबर गिळी.

"पुढचं विसरलास काय भाऊ?" चिमा एकदा म्हणाली.

"साखर कमी हाय," भागोजी म्हणाला. वासू ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता.