पाच विड्यांचे अंतर

आबाकाका गेल्याचे कार्ड साताऱ्याला आले तेव्हा मी शाळेत जायला निघाले होते. अशी कार्डे घरात न्यायची नसतात, वाचून तिथेच फाडायची असतात. मी ते अंगणात उभ्याने वाचले, पुन्हा एकदा वाचले, आणि न फाडता पिशवीतल्या वह्यांमध्ये ठेवले. मजकूर थोडका होता... वार, तिथी, पहाटेची वेळ, दहाव्याला हरिपुरास यावे. त्याखाली, जागा उरली म्हणून लिहावे तसे एक वाक्य होते : ‘शेवटपर्यंत विडीला शिवले नाहीत.’ अक्षर हरिपूरच्या शाळामास्तरांचे, पण ते वाक्य मास्तरांचे नव्हे. काकांच्या हाताखालचा हमाल सिदू याने ते सांगून लिहवून घेतले असणार. त्या वाक्यावर त्याचा हक्कही होता. तो कसा, हे पुढे सांगते. त्या दिवशी मी वर्गात नेहमीप्रमाणे कविता शिकवली. आवाज कुठे अडखळला नाही, याचेच मला मागाहून नवल वाटले.

आबाकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आमचे घर पाटणचे. काका मात्र जन्मभर सांगलीजवळ हरिपुरास राहिले आणि हळदीच्या पेवांवर त्यांनी मुकादमी केली. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातला रांजणच. तोंड एका माणसाचे खांदे जेमतेम मावतील एवढे, पोट एखाद्या खोलीएवढे. तळाला आणि कडेने पाला अंथरून आत हळद भरतात, तोंडावर फरशी ठेवून माती लिंपतात, आणि मग ती महिनोन् महिने अंधारात पडून राहते. फरशी सरकवली की आतून एक वास वर येतो. ओल्या भिंतीचा, उन्हात तापलेल्या तांब्याचा, आणि त्याच्यामागे कसला तरी गोडसर, झापड आणणारा. हा वास शब्दांत बसवण्याचा मी पुष्कळदा प्रयत्न केला; जमले नाही. पेवावरची माणसे मात्र त्याला भितात. कोंडलेली हवा निवळण्याआधी जो खाली उतरतो तो आपल्या पायांनी वर येत नाही. म्हणून उघडल्यावर किती वेळ थांबायचे हे ठरवणारा एक माणूस लागतो. काका तो माणूस होते.

आत कंदील सोडून पाहण्याची रीत होतीच. काका तीही पाळत, पण तिच्यावर विसंबत नसत. दिवा मधल्या हवेची खबर देतो, कडेच्या पाल्याखाली काय दडून बसले आहे ते त्याला कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे माप पाच विड्यांचे होते. पेवाच्या तोंडापासून चार हातांवर एका दगडावर ते बसत, विडी पेटवत, ती सावकाश संपवत, थोटूक दगडावर चिरडत, मग थोडे नदीकडे पाहून दुसरी काढत. पाचवे थोटूक चिरडले जाईपर्यंत हमाल बाभळीच्या सावलीत गप्पा मारीत. नंतर काका उठत, कमरेला दोर बांधत आणि सर्वांच्या आधी स्वतः खाली उतरत. इतक्या वर्षांत त्यांच्या पेवावर एक माणूस दगावला नव्हता. त्यामुळे ही माणसे काकांच्या विडीकडे व्यसन म्हणून पाहतच नसत. ते त्यांच्या लेखी घड्याळ होते.

ही विडी त्यांना लागली कशी, ती हकिगत आमच्या घरात कुणी उघड बोलत नसे. काका सोळा वर्षांचे असताना गोठ्यामागे विडी ओढताना आजोबांनी त्यांना पकडले. मारले नाही. विडी ओढणाऱ्याचा पाय या घराच्या उंबऱ्याला लागायचा नाही, एवढेच म्हणाले. काका तसेच निघाले आणि चालत चौथ्या दिवशी सांगलीला पोचले. पुढे लग्न झाले, मुकादमी मिळाली, सणासुदीला ते पाटणला येऊ लागले. पण येत ते ओसरीपर्यंत. ओसरीवर बसत, तिथेच जेवत, तिथेच झोपत. आजोबा वारले तेव्हाही त्यांनी अंगणातूनच दर्शन घेतले. त्यानंतर माझी आई दर वेळी त्यांना आत या म्हणायची, आणि ते दर वेळी एकच उत्तर द्यायचे : “वहिनी, म्हाताऱ्यानं शब्द मागं घेतला न्हाई. आता कोण घेणार?” लहानपणी त्यांच्यासाठी चुलीतला निखारा चिमट्यात धरून मी आतून उंबऱ्यापर्यंत नेत असे. ते पलीकडून वाकत, विडी टेकवत, गाल आत जात, टोक लाल होई. त्यांची बोटे पिवळी होती. त्यातला हळदीचा पिवळा कुठला आणि तंबाखूचा कुठला, हे मला कधी सांगता आले नाही.

विडी सुटली ती वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, दुसरे महायुद्ध चालू असताना. मिरजेच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून पूर्वीच बजावले होते, ते काकांनी ऐकून सोडून दिले होते. पण एके सकाळी पेवातून वर येताना ते दोराच्या मध्यावर थांबले. हात चालेनात, श्वास पुरेना. हमालांनी त्यांना हळदीच्या पोत्यासारखे ओढून वर घेतले. कुणी हसले नाही, आणि तेच त्यांना लागले असावे. खिशातला विड्यांचा कट्टा त्यांनी तिथेच नदीत टाकला. पुन्हा आपल्या श्वासाने खाली उतरून आपल्या श्वासाने वर यायचे, एवढाच तेव्हा त्यांचा हेतू होता. तोवर पहिले उतरण्याचा मान सिदूला दिला.

त्या दिवाळीत मी हरिपुरास गेले. काका वाळले होते आणि घर त्यांच्या नाकाने हैराण झाले होते. चाळीस वर्षांनी त्यांना वास येऊ लागले होते. आमटीत हिंग फार पडला, घोंगडीला कुबट घाण येते, शेजारची म्हैस आजारी आहे... दिवसभर हेच. काकू एकदा पोळपाटावरून मान वर करून म्हणाल्या, “तीस वर्सं हीच आमटी खाताय. तवा बरं गोड लागली?” काका लवंग तोंडात टाकून बाहेर गेले. लवंगांची डबी आता कट्ट्याच्या जागी, त्याच खिशात असे.

पेवावरही त्यांनी तेच केले होते. पाच विड्यांच्या जागी पाच लवंगा. हा बदल कुणालाच खटकला नाही, मलाही नाही. मी एका सकाळी बाभळीखाली पुस्तक घेऊन बसले होते आणि दगडावरच्या त्यांच्या पाठीकडे मधूनमधून पाहत होते. माणूस तोच, जागा तीच, आकडाही तोच होता. विडी आपल्या चालीने जळते आणि लवंग चावणाऱ्याच्या घाईने संपते, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नाही. त्यात काकांच्या हातापायांत ती तलफ वळवळत होती. पाचवी लवंग संपली, कंदील खाली जाऊन जळत वर आला, आणि काका म्हणाले, “उतर.” सिदू उतरला. खालून त्याने काहीतरी म्हटले, ते अर्ध्यावर तुटले. मग नुसता वास येत राहिला... दोर कमरेला होता म्हणून सिदूला वर ओढता आले. ओठ जांभळे, कपाळावर हळद. गणूबा नावाच्या जुन्या हमालाने त्याच्या छातीवर तळहात दाबायला सुरुवात केली. काका बाजूला उभे होते, आणि त्यांचा उजवा हात पुन्हा पुन्हा कट्ट्याच्या खिशाकडे जात होता. सिदूने श्वास घेतला तो आवाज, कापड फाटावे तसा, मला अजून ऐकू येतो.

दुपारी सिदू घोंगडी पांघरून सावलीत निजला होता. गणूबाने विड्यांचा कट्टा आणि काडेपेटी आणून काकांच्या पुढ्यात दगडावर ठेवली. तो रागावलेला नव्हता. म्हणाला, “मुकादम, तुमी वडा. तुमची छाती गेली तर एक मानूस जाईल. न्हाई वडली तर आमी समदे जाऊ.”

काकांनी कट्टा उचलला, नाकाशी नेला, डोळे मिटले. दोरा काढण्याकडे बोट गेले. घोंगडीतून सिदूचा आवाज आला : “नगा वडू, आबा. माज्यापायी वडली म्हून काकू मला दारात उभं करायच्या न्हाईत. दुसरं कायतरी माप बघा.” दोघेतिघे हसले. काका हसले नाहीत. पण त्यांनी कट्टा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक रिकामे पेव उघडायला लावले आणि स्वतःच्या दगडावर गणूबाला बसवले. गणूबाने त्यांच्या चालीने, मधे नदीकडे पाहण्यासकट, पाच विड्या ओढायच्या होत्या. काका त्याच्या शेजारी, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसले. सगळा धूर त्यांच्या तोंडावर येत होता. त्यांचे ओठ हलत होते. जप असावा असे मला वाटले. जवळ गेले तर गावांची नावे कानी आली. हरिपूर, सांगली, पूल, डिग्रज... पाचवी विडी चिरडून गणूबा वळला, तेव्हा काकांनी कपाळ पुसले आणि म्हणाले, “बराबर. मी बी पोचलो.” कुठे, ते कुणी विचारले नाही.

तेव्हापासून तेच माप झाले. काका वाट पुटपुटायचे, हमाल थांबायचे. मी सुट्टीत जाई तेव्हा ऐके : आष्ट्याची कमान, इस्लामपूरचा बाजार, पेठ, नेर्ले, कासेगावचा मळा. कराडच्या संगमापर्यंत आवाज ऐकू येई; त्यापुढे तो इतका खाली जाई की नुसते ओठ हलत. दुसऱ्या वर्षी ते पुन्हा सर्वांच्या आधी उतरले आणि कुणी न ओढता वर आले. ती बातमी ऐकून मी त्यांना पत्र लिहिले : आता विडी राहिली नाही, आजोबांचा शब्दही त्यामुळे उरला नाही, पाटणला या आणि आत या. उत्तर आले नाही. पुढच्या मे महिन्यात, तीच आमची शेवटची भेट, मी समोर बसून विचारले. ते नखांकडे पाहत होते. नखे अजून पिवळी होती. आता ती निव्वळ हळद होती. “हातानं सोडली, मास्तरीण,” ते म्हणाले. “व्हट अजून मागत्यात. मागायचं थांबलं की येतो. म्हाताऱ्याला फसवून आत जायचं न्हाई.” मला तो हट्ट वाटला. त्यानंतर आठ महिन्यांनी ते कार्ड आले.

आज त्याला सहा आठवडे झाले. तेराव्यानंतर दोन दिवस मी काकूंजवळ राहिले. निघण्याच्या सकाळी पेव उघडत होते म्हणून तिकडे गेले. मुकादमी आता सिदूकडे आहे. काकांच्या दगडावर तो बसला, भोवती हमाल उकिडवे बसले, आणि त्यांनी वाट म्हणायला सुरुवात केली. काकांसारखी पुटपुटून नव्हे, मोठ्याने, एकाने सुरू करायचे आणि बाकीच्यांनी उचलायचे. चुकले तर दुसरा थांबवी : “आरं, नेर्ल्याच्या आधी पेठ. पळतोस कशाला?” यांतल्या कित्येकांनी कराडही पाहिलेले नाही. संगम आला, आणि ते थांबले नाहीत. मी प्रथमच पुढची वाट ऐकत होते; ती काकांनी सिदूला केव्हातरी सांगून ठेवली असावी.

“मल्हारपेठ आली,” सिदू म्हणाला. “गाडीवान थांबलाय. विडी घे म्हणतोय.”

“न्हाई घेतली,” सगळे एका सुरात म्हणाले.

मग पाटण आले. नदीचा उतार, आमची चिंच, तिसऱ्या पायरीचा निखळलेला दगड, गोठा, ओसरी. सिदूने ओसरी म्हटल्यावर सगळे गप्प झाले. तेही मापातच असावे. माणसाला घाम पुसून उभे राहायला लागेल इतका वेळ ते गप्प होते. नदीवरून वारा आला, पेवातला वास थोडा हलला. तेव्हा सिदूने माझ्याकडे वळून विचारले, “बाई, त्यो उंबरा लाकडाचा हाय का दगडाचा? आमी रोज जातो, पर आबांनी सांगितलं न्हाई कवा.”

“लाकडाचा,” मी म्हणाले. “मधे झिजलेला.”

त्याने मान हलवली. “लाकडाचा उंबरा,” तो इतरांना म्हणाला, आणि ते त्यांनी पुन्हा म्हटले. मग तो उठला, कमरेला दोर बांधला, पायांतल्या वहाणा काढून पेवाच्या कडेला नीट जोडून ठेवल्या, आणि आत गेला.