डोळ्यांची आखणी

सासूबाई गेल्या तेव्हा कारखान्यात गणपती डोळ्यांवाचून ओळीने बसले होते. सुतक फिटेपर्यंत मी ब्रशला हात लावला नाही.

हमरापुरात मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी आखतात, आणि आमच्या घरी ते फक्त सासूबाईच आखत. मी रोह्याची, बी.ए. झालेली, पुस्तकातून मान वर न काढणारी. लग्नानंतरचा पहिला हंगाम पितांबरं रंगवण्यात गेला. मला डोळे आखायचे होते. त्यांनी सोंड मोडलेली एक मूर्ती माझ्यापुढे ठेवली. मी आखलं की त्या ओल्या फडक्याने पुसत, कामावरच्या सगळ्या बायकांसमोर.

"बघा गो, रोह्याचा गणपती. छपराचे पत्रे मोजतोय."

बायका हसत. मी उभी राहून आखायची, म्हणून नजर वर जायची. पूजेला माणूस पाटावर बसतो, नजर त्याच्यावर पडायला हवी, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. अख्खा हंगाम पुसला गेला तेव्हा माझं मला कळलं. मग मी जमिनीवर बसून आखू लागले. घरी ताटांच्या पाठीवर श्वास रोखून बुबुळं काढायची. पापणीची रेघ एका दमात येऊ लागली. तरी फडकं यायचंच.

"डोळा हाय. बघणारा कुठं हाय त्यात?"

पुढे काचबिंदूने त्यांचीच नजर गेली. त्यांचा ब्रश माझ्या नवऱ्याने आणून माझ्यापुढे ठेवला. त्यांनी दिला नाही. व्यापारी माझ्या मूर्ती नेऊ लागले. त्या अवाक्षर बोलल्या नाहीत, आणि मला तर 'जमलं' हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

यंदा त्यांनी अंथरूण धरलं. एका दुपारी म्हणाल्या, एक मूर्ती आण. मी आदल्या दिवशी आखलेली नेली. उरल्यासुरल्या नजरेने, अगदी नाकाशी धरून, त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"ही माझी हाय," त्या म्हणाल्या. "जुनी. जपून ठेवलीस व्हय?"

मी मूर्ती खालून सावरून धरली.

"नीट बघ, कशी बघतेय. तुला मरेपर्यंत यायचं नाय हे."

"व्हय, आई," मी म्हटलं.

मूर्ती त्यांनी उशाशी ठेवून घेतली. भेटायला येईल त्याला आपल्या हातची म्हणून दाखवायच्या. लोक हात जोडत. निघताना तेच माझ्याकडे वळून हळूच सांगत, "शिकून घे गो, आहेत तोवर."