परक्या नजरेसमोरचे मत

तीस वर्षे मतदान केंद्र सांभाळणाऱ्या मास्तरांचा एक अलिखित नियम होता. ज्यांचे हात थरथरत, त्यांच्या मतपत्रिकेवर ते स्वतः शिक्का मारीत आणि ते मत कोणाला गेले, हे ओठांवर कधीही येऊ देत नसत. त्यांचा शब्द लोकांना प्रमाण होता. यंदा मात्र कोपऱ्यात परदेशी निरीक्षक वही उघडून बसला होता, आणि निवडणूक अधिकारी साहेबांनी सकाळीच बजावले होते, "एका केंद्रावर जरी शेरा पडला, तरी बाहेरचे देश आपला निकाल मानणार नाहीत."

इतक्यात सगळ्या गावाची म्हातारी आत्या काठी टेकत आली. "मार बाबा शिक्का, नेहमीसारखा."

मास्तरांनी शिक्का तिच्यापुढे धरला. "आत्या, यंदा तूच मार."

"मारते की. पण शेजारच्या चौकोनात पडला तर तो गाढव निवडून येईल, मग बस बोंबलत." रांगेत हशा पिकला. "नाहीतर त्या पाहुण्याला सांग. रिकामाच बसलाय."

मास्तर चरकले. आपल्या मतपत्रिकेवर परक्याचा हात? त्यापेक्षा शेरा परवडला.

त्यांनी आत्याला पडद्याआड नेले आणि तिने कुजबुजलेल्या नावापुढे शिक्का मारला. बाहेर आले, तेव्हा निरीक्षक खाली मान घालून लिहीत होता. ती लिपी मास्तरांना वाचता येत नव्हती. ओळी मात्र वाढत चालल्या होत्या.