पांढऱ्या पायांना इंग्रजी शब्द

हे लिहायचं मी अकरा वर्षं टाळलं. मागच्या महिन्यात वत्सलावहिनी गेल्या. इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेच्या शोकसभेत एकेक जण उठून 'त्या सगळ्यांना हव्याशा होत्या' म्हणू लागला, तेव्हा माझं डोकं फिरलं. खोटं आहे ते. आम्हाला त्या नको होत्या, आणि नको म्हणणारा पहिला मी.

त्यांचा नवरा माझा मित्र. लग्न करून इथे आला आणि सहा महिन्यांत वारला. वहिनी भारतात परतल्या नाहीत. विद्यापीठाच्या लायब्ररीत लागल्या, जुन्या शब्दकोशांत रमल्या. पुढे आमच्या मुलीचं डोहाळजेवण ठरलं. तिचं आधीचं मूल पोटातच गेलं होतं. यादीत वहिनींचं नाव दिसल्यावर मी बायकोला, सुधाला म्हणालो, "पांढऱ्या पायाची बाई ओटी भरायला नको." सुधा माझ्याशी भांडली. मग मी परस्पर फोन केला… "वहिनी, सुधाला जरा वाटतंय, तुम्ही समजून घ्या." मी इंजिनिअर. आयुष्यभर पूल बांधले, आणि बाईच्या पायांचा रंग बघत बसलो!

त्या सुधाशी पुन्हा बोलल्या नाहीत. माझं काय चुकलं, असं सुधा विचारत राहिली. मी विषय बदलत राहिलो.

नंतर एकदा वहिनी लायब्ररीच्या पायऱ्यांवर भेटल्या.

"पांढऱ्या पायाची, असंच म्हणाली ना ती?"

मी मान हलवली. होय, हलवली.

त्यांनी पर्समधून एक कार्ड काढलं. त्यावर एकच जुना इंग्रजी शब्द होता, अन्सीली. म्हणजे कमनशिबी. 'सीली' म्हणजे धन्य, सुखी. त्याला 'अन्' लागला की संपलं. त्यातला सीली घसरत घसरत आजचा 'सिली' झाला.

"बघा भावजी, धन्य होती ती बावळट ठरली. कमनशिबी सुटली, तिचा शब्दच मेला. आपला कधी मरतो, सुधाला विचारा." त्या हसल्या. "कार्ड तिच्यासाठी आहे."

मी ते तिला दिलं नाही. सुधा, हे तूही आज पहिल्यांदाच वाचते आहेस.

हॉस्पिटलमध्ये शेवटचा गेलो तेव्हा कार्ड खिशात होतं. वहिनींनी विचारलं, "सुधा कशी आहे?" मी म्हणालो, "बरी आहे." आणि पार्किंगमध्ये येऊन बसलो.

कार्ड आता टेबलावर आहे. पुढे त्यांचं वळणदार अक्षर. मागे, त्यांना वाचून दाखवायला मी पेन्सिलीने लिहिलेली ओळ… 'वहिनी, ती सुधा नव्हती. मला माफ करा.'