आबांचं पोट का बंद पडलं

"मॅडम, फक्त रेफरन्स लेटर द्या. ॲम्ब्युलन्स बाहेर उभी हाय. मुंबईला ऑपरेशन करायचं ठरलंय."

सुनील उतेकर खुर्चीवर बसायलाही तयार नव्हता. मी सर्जन आहे, महाडमध्ये माझं छोटं हॉस्पिटल आहे. ऑपरेशन कुठे करायचं हे पेशंटचा मुलगा ठरवून येतो, याची मला सवय आहे. पण ऑपरेशन कशाचं, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

"कशाचं ऑपरेशन?"

"आतड्याचं. कॅन्सरनं आबांचं आतडं बंद पडलंय. पोट फुगलंय, कालपासून उलट्या चालू हायत. मुंबईच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, लगेच घेऊन या."

"त्यांनी पोटाला हात लावला का?"

"फोनवर कसा लावणार, मॅडम?"

"मग मी लावते. ड्रायव्हरला चहा प्यायला पाठवा."

आबा म्हणजे सुनीलचे वडील, गंगाराम उतेकर. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत त्यांचं घर. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यांपर्यंत पोचला होता. तो बरा होणार नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आबांनाही. मुंबईच्या डॉक्टरांनी दुखण्यासाठी मॉर्फिन सुरू केलं होतं आणि पुढची देखभाल माझ्याकडे होती. आबांची मागणी एकच होती. मरण घरच्या पडवीत यावं. आणि या अवस्थेत ते मुंबईला गेले असते तर पडवीत परत येणं कठीण होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

स्ट्रेचरवर आबा डोळे मिटून पडले होते. अंगावर मांस उरलं नव्हतं आणि पोट मात्र टम्म. मी जवळ जाताच त्यांनी माझं मनगट धरलं. "बाय, मला मुंबयला धाडू नको गो."

सून सुगंधा डोक्यावरचा पदर सावरत पायथ्याशी उभी होती. सुनील मुंबईत एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये नोकरीला, त्यामुळे गावी आबांचं सगळं तीच बघायची. मी तिला विचारलं, "संडासला कधी झालं?"

"मधी जुलाबच लागले होते, ताई. नुसतं पाणी. म्हणून मेडिकलमधनं जुलाब बंद व्हायच्या गोळ्या आणल्या. मग बंद झाले."

मी कान टवकारले. पातळ होतंय आणि पोट फुगतंय, या दोन गोष्टी एकत्र आल्या की आमच्या धंद्यात एक जुना संशय येतो. ओढ्यात दरड कोसळली की पाणी दगडांच्या फटींतून झिरपत राहतं. तसंच आतड्याचं. खाली मळाचा घट्ट खडा अडकला की वरचं पातळ तेवढं बाजूने गळतं. घरच्यांना वाटतं जुलाब झाले. मग जुलाब थांबवायची गोळी देतात आणि होती नव्हती ती वाटही बंद होते. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, ते हे असं.

"मला तपासणी करायची आहे. बोट घालून."

सुनील स्ट्रेचरसमोर आडवा आला. "मॅडम, त्यांना आता अजून त्रास नका देऊ. यात टाइम गेला आणि काय झालं तर जबाबदार कोण?"

"मी. लिहून देऊ?"

तो बाजूला झाला.

ही तपासणी एका मिनिटाची असते. हातमोजा, थोडी जेली आणि एक बोट, बाकी काही लागत नाही. कॅन्सरच्या पेशंटला मात्र ती हमखास चुकवली जाते, कारण पोट बिघडलं की सगळे कॅन्सरकडेच बोट दाखवतात. माझ्या बोटाला लागले ते दगड. मातीच्या सुक्या ढेकळांसारखे, एकावर एक रचलेले.

तरी मी लगेच हुरळले नाही. असे खडे साठून राहिले तर आतडं फुटू शकतं आणि मग खरोखरच जिवावर बेततं. ताप नव्हता. पोट फुगलेलं असलं तरी हाताला मऊ होतं. मणक्यातल्या कॅन्सरने नस दबली तरी पोट बंद पडतं, म्हणून पायांतली ताकदही तपासली, ती होती. एक्स-रे काढला. फुटल्याची खूण नव्हती, गाठीने वाट अडल्यासारखंही दिसत नव्हतं. मोठं आतडं मात्र वरपासून खालपर्यंत ठासून भरलेलं होतं.

"ॲम्ब्युलन्स परत पाठवा," मी सुनीलला म्हटलं. "हे कॅन्सरनं केलेलं नाही."

पुढच्या कामाला कोणी सर्जरी म्हणणार नाही. सलाइन लावलं, दुखू नये म्हणून इंजेक्शन दिलं. आधी तेलाचा एनिमा, मग वाट बघणं, मग बोटाने एकेक खडा फोडून काढणं. मी आणि सिस्टर दोघींनी मिळून केलं, थांबत थांबत, आबांना दम घेऊ देत. त्या खोलीतल्या वासाबद्दल न लिहिलेलं बरं. दुपार उलटली तेव्हा पोट खाली बसलं होतं. उलटी थांबली होती. आबा म्हणाले, "जरा च्या मिळंल का?" एखादं मोठं ऑपरेशन जमल्याचा आनंद मला त्या चहाने दिला.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. मॉर्फिन दुखणं थांबवतं, त्याबरोबर आतड्यालाही सुस्त करतं. म्हणून मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचं औषध रोज द्यावंच लागतं. आबांनाही ते दिलेलं होतं. सुगंधा म्हणाली, रोज त्यांच्या हातात देते, बाटली वेळेवर संपते.

मी पडदा ओढून आबांच्या शेजारी बसले. "आबा, औषध कुठे जातं?"

त्यांनी नजर छताकडे नेली. मग म्हणाले, "फणसाला."

"फणसाला?"

"पडवीला लागून झाड हाय. निजल्या जागेवरनं तिकडं वततो." मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. "पोरगा मुंबयला. माझ्यानं उठवत नाय. संडासाचं भांडं तिनं उचलायचं? सुनेनं? त्यापरीस पोटात काय जाऊच द्यायचं नाय. जेवण कमी केलं, पाणी कमी केलं."

मला राग आला आणि भरूनही आलं. त्यांच्या वाडीत सासरा अजून पडवीतून घरात येताना खाकरतो, म्हणजे सून पदर घेऊन बाजूला होते. सगळा जन्म त्या माणसाने खाकरून सुनेची अदब राखली होती. तिनेच आपली घाण काढायची, यापेक्षा पोट फुटलेलं त्यांना परवडत होतं.

पडद्यामागे सुगंधा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत आली आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ बघून बोलली.

"आबा, थोरल्याच्या वेळेला मला कळा लागल्या, रस्ता बंद होता. डोलीचा पुढला दांडा कुणाच्या खांद्यावर होता?"

आबांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"मी काय अवस्थेत होते तवा? तवा नाय लाज वाटली?"

"ती अडचण होती गो."

"मग ही काय हौस हाय?"

आबांनी डोळे मिटले आणि पाण्याची धार कानाकडे गेली. ते म्हणाले, "दे ते औषध."

दारात सुनील उभा होता. दुसऱ्या दिवशी त्याने बाजारातून मधोमध भोक असलेली, खाली भांडं लावायची खुर्ची आणली. पडवीच्या कोपऱ्यात ती ठेवून भोवती पडदा लावायचं त्याने ठरवलं.

काही आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेले. अंगणात पोचते तोच आतून कोणीतरी मोठ्याने खाकरलं. आवाज बाईचा होता. थोड्या वेळाने सुगंधा झाकलेलं भांडं घेऊन बाहेर आली.

"सर्दी झाली का गं?"

"नाय ताई," ती हसली. "पडद्याच्या आत जायच्या आधी मी खाकरते. आबा लुगड्याचं पांघरूण सावरून घेतात. मग जाते."

पडद्याआडून आबांचा आवाज आला, "बाय आली काय? तिला च्या टाक."

कॅन्सरने त्याचं काम केलंच. भातकापणी उरकल्यावर आबा गेले. घरी गेले, पडवीत गेले, आणि पोटाच्या दुखण्याने गेले नाहीत.

आता मॉर्फिन लिहिलं की मी खाली पोट साफ होण्याचं औषध लिहिते आणि पेन ठेवायच्या आधी नातेवाइकांना विचारते, "भांडं कोण उचलणार?" बरेच जण एकमेकांकडे बघतात. त्याचं उत्तर मिळेपर्यंत मी कागद हातात देत नाही.