घरबसल्या मतदान

माझं अक्षर चांगलं आहे, हा माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा गुन्हा. निवडणूक आली की मतदार जनजागृतीचं काम हमखास माझ्याच गळ्यात पडतं. घोषवाक्यं लिहा बाई, रांगोळी काढा बाई, पोरांची फेरी काढा बाई. गेल्या लोकसभेलाही तेच झालं.

फेरी सकाळीच काढा, असा वरून निरोप होता. आमचं गाव आंबागडाच्या बाजूला, जंगलाला लागून. मोहफुलं पडायच्या दिवसांत अख्खं गाव पहाटेच टोपल्या घेऊन झाडांखाली जातं आणि ऊन तापलं की परततं. आमची फेरी निघाली तेव्हा दारादारांना कड्या होत्या. पोरं घसा फोडून सांगत होती, ‘मतदार राजा जागा हो’. राजा आमच्याआधीच उठून फुलं वेचायला गेला होता. मी फोटो काढले, ग्रुपवर टाकले, तिकडून अंगठा आला. झाली जागृती.

फेरीनंतर वाटायला पत्रकं आली होती. गुळगुळीत कागद, चार रंग, एका बाजूला हसरी आजी आणि वर मोठ्या अक्षरात ‘ज्येष्ठांनो, आता घरबसल्या मतदान!’ मागच्या बाजूला कविता, प्रतिज्ञा आणि एक क्यूआर कोड. नाकापेक्षा मोती जड. ती आजी तर नक्कीच आमच्याकडची नव्हती, तिचे सगळे दात जागेवर होते.

माझी माय पंच्याऐंशीच्या पुढची, माझ्याजवळच राहते. छप्पन्नच्या दीक्षेनंतर तिच्या वडिलांनी घरात सांगून ठेवलं होतं, की मोठ्या पाटलाचं मत आणि आपलं मत सारखंच मोजतात. तेवढी एकच गोष्ट तिनं आयुष्यभर जपली. मतदानाच्या दिवशी ती विहारात जायचं पांढरं लुगडं नेसते, उपाशीपोटी पायी जाते, कोणाच्या गाडीत बसत नाही. गाडीत बसलं की मत त्याचं झालं, असं तिचं म्हणणं. गावात जो मत टाकायला जात नाही त्याला ती दारात उभं करून बोलते. त्यामुळं निवडणूक आली की काही घरं आमची गल्ली टाळून जातात.

पत्रकासोबत घरून मतदानाचा फॉर्म घेऊन अंगणवाडीतली बाई आली. सवलत आहे, भरून ठेवा, असं ती म्हणाली. मायनं मला पत्रक मोठ्यानं वाचायला लावलं, दोन्ही बाजू, कवितेसकट. मग तिनं मोजून एकच प्रश्न विचारला, “हे भरलं तरी केंद्रावर जाता येते ना?”

बाईनं पत्रक उलटंपालटं करून पाहिलं. तिलाही तेवढाच कागद मिळाला होता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सवलत आहे, जबरी नाही, असं ती म्हणाली, आणि मलाही ते पटलं. सवलतीचा दुसरा अर्थ मी तरी शाळेत कधी शिकवला नाही. पाय दुखलेच तर असू द्यावं, म्हणून मायनं अंगठा दिला.

पण पाय दुखले नाहीत. मत घ्यायचं पथक पहिल्यांदा आलं तेव्हा आमच्या बांधावरच्या मोहाखाली माय ढोरं हाकत बसली होती. परत कधी येणार ते शेजारी सांगून पथक निघून गेलं. ते दुसऱ्यांदा यायच्या दिवशी मी तिला घरी थांब म्हटलं, तर तिनं काठी उचलली.

“घरी मत घेतीन तं पोलीस पाहीन, व्हिडिओवाला पाहीन, शेजारीण पाहीन. तिथं पुठ्ठ्याच्या आड मी एकटीच राहतो,” ती म्हणाली आणि बांधाकडे चालू लागली.

घरीही ते लोक पुठ्ठा सोबत आणतात, मत गुप्तच ठेवतात, हे मला नंतर कळलं. पत्रकात तेही नव्हतं. क्यूआर कोडमध्ये असेल कदाचित. आमच्या एका खोलीच्या घरात मायला जी भीती वाटली तिचं उत्तर कविता रचणाऱ्याला सुचलं नाही.

मतदानाच्या दिवशी माझी ड्युटी राखीवमध्ये होती, आदल्या दिवशीच सोडून दिलं होतं. म्हणून मायसोबत मीच गेले. केंद्र म्हणजे आमचीच शाळा, भिंतींवर माझ्याच हातची घोषवाक्यं. माय पांढऱ्या लुगड्यात रांगेत उभी राहिली. लोकांनी पुढं जा म्हटलं तरी गेली नाही.

आत साहेबानं तिचं नाव शोधलं आणि त्याचं बोट नावापुढच्या खुणेवर थांबलं. तो वाईट माणूस नव्हता. उठून उभा राहिला, हळू बोलला. फॉर्म भरल्यामुळं तुमचं मत घरीच घ्यायचं होतं, पथक दोनदा येऊन गेलं, आता इथं देता येत नाही. मी भांडले. त्यानं कर्मचाऱ्यांसाठीची पुस्तिका उघडून दाखवली. नियम होता त्यात, एका साध्या वाक्याचा. ज्यांना मत द्यायचं त्यांच्यासाठी रांगोळी, आणि ज्यांनी त्यांना नाही म्हणायचं त्यांच्या हाती नियम!

बाहेर सेल्फीची चौकट होती. आतलं काही ठाऊक नसलेल्या कार्यकर्तीनं मायचा दंड धरून तिला चौकटीत उभं केलं, आजी बोट दाखवा म्हणाली. मायनं मूठ उघडली नाही.

घरी आल्यावर तिनं ना पाणी घेतलं ना लुगडं बदललं. दुपार अशीच गेली. मग म्हणाली, “पोरी, तुह्या पिशवीत ते काळं पेन हाये ना? माह्या बोटाले लावून दे.”

मी चिडले. चूक त्यांची, तू काहून लपवतेस? चार लोकांत सांगू, तक्रार करू.

“तक्रार तू कर. मी साऱ्यायले दारात उभं करून बोलली आतापर्यंत,” ती म्हणाली. “आता मी दारोदार कागद वाचून दाखवू का?”

घोषवाक्यं लिहायचा मार्कर पिशवीतच होता. तिचा डावा हात मी मांडीवर घेतला आणि नखावरून कातडीपर्यंत रेघ ओढली. अक्षर चांगलं असलेल्या बाईनं काढावी तशीच रेघ आली, सरळ. संध्याकाळी शेजारणी आल्या, एकमेकींची बोटं पाहून झाली. मायनंही दाखवलं. तिला कोणी काही विचारलं नाही, आणि तिनंही त्या दिवशी कोणाला काही विचारलं नाही.

मी तक्रारीचा अर्ज दिला. पत्रक हे केवळ जनजागृतीसाठी असते, असं उत्तर आलं.

बाकीच्या बायांची शाई पुढं कितीतरी दिवस नखासोबत वर सरकत राहिली. मायचं बोट दुसऱ्याच दिवशी आंघोळीत कोरं झालं. तेव्हापासून कोणी दारात आलं की ती डावा हात पदराखाली घेते.